चौतीस खोटे किरण

आधीच सांगते, मला गोड बोलता येत नाही. ऑफिसातली पोरं मला पाठीमागे आत्याबाई म्हणतात आणि मला ऐकू येत नाही असं समजतात. समजोत बिचारी. सरांशी तर मी बावीस वर्षं भांडत आले. त्यांनी आलेख दाखवला की मी आधी चूक शोधायची, कौतुक मग, आणि ते 'मग' बहुतेक वेळा यायचंच नाही. पण एक गुण माझ्यात आहे. कितीही चिडले, कितीही बडबडले, तरी जे सांगायचं नाही ते माझ्या तोंडून निसटत नाही. सरांनी पेरणीचं काम माझ्याकडे दिलं ते या एका गुणावर.

पेरणी म्हणजे काय ते सांगायचं तर आधी दुर्बीण सांगायला हवी.

दुर्बीण म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर नळकांडं आणि भिंग येतं. आमच्या दुर्बिणीला भिंगबिंग काही नाही. गॅमा किरण भिंगाला जुमानत नाही, आरपार जातो. त्याला अडवायला जड धातूचे पातळ पत्रे एकावर एक रचलेत. किरण एखाद्या पत्र्यावर आपटला की संपतो आणि जाताना दोन कण मागे सोडतो. त्या दोघांच्या वाटा उलट्या काढत गेलं की किरण आकाशात कुठून आला ते कळतं, आणि त्यांच्यात जोर किती होता ते मोजलं की किरणाची ऊर्जा कळते. हे जमिनीवर बसून होत नाही, कारण हवा हे किरण खाली येऊच देत नाही, आणि देत नाही म्हणूनच आपण सगळे जिवंत आहोत. म्हणून दुर्बीण वर पाठवायची. ती वर जाईपर्यंत नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं झाली. एकदा रॉकेट बिघडलं, एकदा वाहतुकीत झाकण चेपलं, एकदा कामगारांचा संप. शेवटी गेली, आणि अकरा वर्षं वर फिरत राहिली.

ती जायच्या कितीतरी आधी सरांनी एक कागद लिहिला होता. दोन्ही बाजूंनी टाइप केलेला, वर मथळा 'आपल्याला काय शोधायचं आहे'. त्यात पाच गोष्टी होत्या. मरणाऱ्या ताऱ्यांचे स्फोट, जे काही सेकंद सगळ्या आकाशाला भारी पडतात. गरगर फिरणारे मेलेले तारे. दूरच्या दीर्घिकांमधली कृष्णविवरं आणि त्यांच्या जवळून सुटणारे झोत. विश्वकिरणांचा जन्म कुठे होतो ते. आणि या सगळ्यांच्या वर, पहिल्या नंबरावर, कृष्णद्रव्य. दीर्घिका एवढ्या जोरात फिरतात की दिसणाऱ्या ताऱ्यांच्या वजनावर त्या एकत्र राहूच शकणार नाहीत. म्हणजे दिसत नाही पण वजन टाकतं असं काहीतरी तिथे आहे. सरांचं म्हणणं असं, की त्या न दिसणाऱ्या द्रव्याचे दोन कण एकमेकांना भेटून संपत असतील, तर त्यातून निघणारे गॅमा किरण सगळे एकाच ऊर्जेचे असतील. तेव्हा आपल्या आकाशगंगेच्या मध्याकडे बघायचं, किरण एकेक करून मोजायचे आणि ऊर्जेप्रमाणे मांडायचे. बाकी सगळं घसरगुंडीसारखं उतरत जाईल. त्या उतारावर एका जागी उंचवटा आला, म्हणजे आमच्या भाषेत रेघ उभी राहिली, तर सापडलं.

खालच्या चार गोष्टी दुर्बिणीने भरभरून दिल्या. त्यावर कितीतरी पोरांची लग्नं झाली, नोकऱ्या लागल्या, दोघांना पदकं मिळाली. पहिली मात्र दिली नाही. आणि सरांना पहिलीच हवी होती.

आता पेरणी. सर तिशीत असताना त्यांना अशीच एक रेघ सापडली होती. मोठ्या फुग्याला यंत्र बांधून वर सोडलं होतं. सगळीकडे नाव झालं, पेपरात फोटो आला. आठ महिन्यांनी कळलं की ती रेघ आकाशातली नव्हतीच, यंत्राच्या स्वतःच्याच धातूतून येत होती. आपल्याच घरातला दिवा आणि चंद्र उगवला म्हणून आरडाओरडा. पुढे कित्येक वर्षं ते परिषदेत बोलायला उभे राहिले की मागच्या बाकावरून कोणीतरी खोकून 'धातू, धातू' म्हणायचं. दुधाने तोंड पोळलं होतं, मग माणूस ताकही फुंकून प्यायला लागला. आमच्या दुर्बिणीसाठी त्यांनी नियमच केला. ते म्हणायचे, माणसाला जे हवं असतं ते त्याला दिसायला लागतं, म्हणून आपण स्वतःवर पहारा बसवायचा.

पहारा असा. मोजणीचा साठा तयार झाला की एकाच माणसाने त्यात गुपचूप खोटे किरण मिसळायचे. अगदी खऱ्यासारखे, पत्र्यांवरच्या वाटांसकट. किंवा काहीच मिसळायचं नाही. मिसळले तर किती, कुठल्या ऊर्जेचे, ते फक्त त्यालाच ठाऊक. त्याने ते कागदावर लिहायचं, पाकीट चिकटवायचं, संचालकांच्या कपाटात ठेवायचं. बाकीच्यांनी आलेख काढायचा, सगळ्या तपासण्या करायच्या, लेख लिहून खाली सह्याही करायच्या. मग सगळ्यांदेखत पाकीट उघडायचं. खोटे काढून टाकले की उरेल ते खरं. तोपर्यंत पेरणाऱ्याला कोणी काहीही विचारलं तरी त्याने एकच वाक्य बोलायचं, 'पाकिटात आहे ते पाकिटात आहे.'

पेरणारी मी. पेरायचं की नाही हे मी मनाने ठरवत नाही, मन फार लबाड असतं. मी फासा टाकते. लहान मुलांच्या खेळातला प्लॅस्टिकचा फासा आहे माझ्या ड्रॉवरमध्ये. पहिल्या खेपेला फासा नाही म्हणाला, पाकीट कोरं निघालं, रेघही नव्हती. दुसऱ्या खेपेला पेरले, पोरांनी ते बरोबर हुडकले, पाकीट उघडलं, सगळे हिरमुसून हसले आणि चहा प्यायला गेले. तिसरी खेप शेवटची. दुर्बिणीचं तोंड फिरवणारी चाकं एकेक करून बंद पडली होती, पुढे नवी मोजणी होणार नव्हती. अकरा वर्षांचं सगळं एकत्र करून एकदाच काय ते बघायचं होतं. फासा पडला, पेर म्हणाला. मी चौतीस किरण पेरले. तेव्हा सर धडधाकट होते. जिना चढून माझ्या खोलीपर्यंत आले होते आणि माझ्या खिडकीतली कुंडी सुकलीये म्हणून मलाच ओरडून गेले होते.

पुढचे आठ महिने तपासण्यांत गेले. त्यातल्या तिसऱ्या महिन्यात सरांना पोटाचा कॅन्सर निघाला, सहाव्यात हॉस्पिटलने हात टेकले आणि त्यांना घरी पाठवलं.

आणि आठव्या महिन्यात पोरांनी आलेख पडद्यावर टाकला. उतारावर बरोबर मी ठेवला होता तिथे उंचवटा. अपेक्षेपेक्षा छत्तीस किरण जास्त. मी चौतीस घातले होते, उरले दोन, आणि दोन म्हणजे काहीच नाही, आकाशाची नेहमीची चुळबूळ. मग कोणीतरी बाक वाजवला आणि सगळेच वाजवायला लागले. ही पेरणी असू शकते हे त्यांनाही माहीत होतं, पण तेवढं एक मिनिट कोणाला आठवायचं नव्हतं. मी वही उघडून खाली बघत बसले.

इथपर्यंत सगळं नियमाने झालं. पुढचं संचालकांनी केलं. सरांचेच विद्यार्थी, मनाचा भला माणूस, पण भल्या माणसांना नको तिथे पान्हा फुटतो. पाकीट उघडायला अजून सहा आठवडे होते. डॉक्टरांनी सरांना तेवढे दिलेले नव्हते. हा गृहस्थ आलेखाचा कागद घेऊन त्याच दुपारी सरांच्या घरी गेला आणि सरांच्या पत्नी, आमच्या काकू, त्यांच्यासमोर म्हणाला, "सर, रेघ आली."

मला हे दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. अंगाचा तिळपापड झाला. त्यांच्या केबिनमध्ये जाऊन मी दार लावलं.

"कोणी सांगितलं होतं तुम्हाला?"

"मॅडम, त्यांच्याकडे दिवस नाहीत."

"पाकीट उघडलंय का?"

"माझं मन सांगतंय, कोरंच आहे." आणि माझ्याकडे बघत राहिले, माझ्या चेहऱ्यावर काही उमटतंय का ते शोधत.

"पाकिटात आहे ते पाकिटात आहे," मी म्हटलं आणि बाहेर आले. जिन्यात उभी राहून मी त्यांना जे काही म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

सरांचं घर ऑफिसपासून दहा मिनिटांवर, दुसऱ्या मजल्यावर. दार काकूंनी उघडलं. काकूंना मी बावीस वर्षं ओळखते, पण तो चेहरा मी कधी पाहिला नव्हता. केस नीट विंचरलेले, अंगावर कपाटातली साडी.

"ये ये. कळलं ना? अगं, काल रात्री ते पोटभर सूप प्यायले. कितीतरी दिवसांनी."

काकू त्या दुर्बिणीला सवत म्हणायच्या. चेष्टेत म्हणायच्या, पण त्यात तिखटही असायचं. पोरगी आजारी असताना सर चाचणीकेंद्रावर होते. काकूंचे वडील गेले तेव्हा सर चाचणीकेंद्रावर होते. एकदा त्यांनी मला सरळ विचारलं होतं, "मला एवढंच सांग, ती सवत त्यांना काही देणार आहे का? नाहीतर माझी तीस वर्षं गेली कुठे?" मी नेहमीप्रमाणे काहीतरी वाकडं बोलून वेळ मारून नेली होती.

आता त्या माझा हात धरून आत नेत म्हणाल्या, "केली बाई मी तिला माफ. आपल्या माणसाच्या कामाचं चीज झालं, आणखी काय हवं?"

सर उशांना टेकून बसले होते. आलेख मांडीवर. अंगात काही उरलं नव्हतं, नुसती मान आणि डोळे, पण डोळे लखलखत होते. मला बघून त्यांनी कागद पुढे केला. "या आत्याबाई! हं, काढा चुका."

मी कागद हातात घेतला. त्यात धरायला जागा होती. उताराची रेषा त्यांनी कुठून सुरू केली ते विचारता आलं असतं, मध्याच्या बाहेरचे किरण कसे वगळले ते विचारता आलं असतं. एरवी मी अर्धा तास त्यांचा जीव खाल्ला असता. पण काकू दारात उभ्या होत्या.

"छान आहे आलेख," मी म्हटलं.

सरांनी कागद परत घेतला, नीट घडी केली. मी काम आहे सांगून निघाले. सुटले म्हणून मी जिना धडाधड उतरले, मूर्खासारखी.

दुसऱ्या दिवशी त्यांचाच फोन आला, ये म्हणून. गेले तेव्हा ते काकूंना म्हणाले, "मला तो संत्र्याचा रस हवा. ताजा. बाजारातून आण ना." काकू आनंदाने पिशवी घेऊन गेल्या, त्यांनी आपणहून काही मागितलं होतं म्हणून. दार लागल्याचा आवाज झाला.

"बस," सर म्हणाले. मी बसले. "काल तू भांडली नाहीस."

"काम होतं, सर. घाईत होते."

"बावीस वर्षांत माझ्या एकाही आलेखाला तू छान म्हणाली नाहीस. माझ्या सत्काराच्या भाषणातसुद्धा तू माझी एक चूक सांगितली होतीस." ते हसले, हसताना त्यांना दुखलं. "खरी रेघ असती तर तू मला फाडून खाल्लं असतंस. खात्री होईपर्यंत सोडलं नसतंस."

मी जे बोलायचं तेच बोलले. "पाकिटात आहे ते पाकिटात आहे."

"अगं, माझंच वाक्य मलाच ऐकवतेस!"

मी त्यांच्याकडे बघू शकले नाही. त्यांच्या औषधांच्या बाटल्या होत्या टेबलावर, त्यांची नावं वाचत बसले. मला रडू येत होतं आणि रडले तर तेही उत्तरच झालं असतं.

"वाईट वाटलं गं," ते म्हणाले. एवढं साधं म्हणाले. "परवा रात्री झोप लागली नाही मला. डोक्यात नुसतं तेच. सापडलं, सापडलं. तेव्हा पाकीट आठवलंच नाही, विश्वास ठेव. नियम माझा, आणि मीच विसरलो. एक पूर्ण रात्र मला ते खरं वाटलं."

"सर..."

"तू काही बोलू नकोस. तू काही सांगितलेलं नाहीस, तू नियम मोडलेला नाहीस. मी ओळखलं तो माझा गुन्हा." त्यांनी घडी केलेला आलेख उशीखाली सारला. "आणि रेघ नाही हेही उत्तरच आहे. हरवलेली वस्तू या खोलीत नाही एवढं नक्की झालं, की पुढचा माणूस दुसऱ्या खोलीत शोधेल. मी हे जन्मभर पोरांना सांगत आलो. पण हे तिला कसं सांगू?" आणि त्यांनी दाराकडे हात केला. "तिला वाटतंय की तीस वर्षांचं चीज झालं. काल ती माझ्याशेजारी बसून गाणं गुणगुणत होती. मी तिला आयुष्यात काय दिलं? उरलेत ते दिवस तरी तिचे होऊ देत. मी आनंदात आहे असं तिला दिसू दे."

"आणि पाकीट उघडल्यावर?"

"तेव्हा मी नसेन." मग म्हणाले, "तेव्हा तू सांग तिला. त्या संचालकाला सांगू देऊ नकोस, तो रडत बसेल. आधी नाही हं. उघडल्यावर. नियम तो नियम."

मी हो म्हटलं. काकू संत्री घेऊन आल्या तेव्हा सर मोठ्याने मला म्हणत होते, "ते काही नाही, लेखात पहिलं नाव पोरांचं, माझं सगळ्यात शेवटी!" काकू दारातच थांबून हसल्या.

त्यानंतर ते अकरा दिवस जगले. मी रोज संध्याकाळी ऑफिसातून तिथे जायचे. त्या अकरा दिवसांत त्या माणसाने जे केलं ते मला कोणत्याही दुर्बिणीपेक्षा अवघड वाटतं. काकूंना शेजारी बसवून ते सगळं समजावून सांगायचे. आकाशगंगेच्या मध्यातून निघालेला किरण सव्वीस हजार वर्षं चालत येतो आणि आपल्या पत्र्यावर आपटून संपतो, हे ऐकून काकू म्हणाल्या, "मेला एवढ्या लांबून आला आणि आल्या आल्या गेला." सर हसून हसून खोकले. प्रत्येक चाचणीकेंद्राची गोष्ट त्यांनी काकूंना सांगितली, कुठल्या वर्षी कुठे होते, तेव्हा घरी काय चाललं होतं ते विचारून घेतलं, आणि प्रत्येक वेळेची माफी मागितली. वडिलांच्या वेळची माफी मागितली तेव्हा काकू ओरडल्या, "पुरे आता, झालं गेलं!" आणि स्वयंपाकघरात जाऊन रडल्या. मी सगळं बघत होते. माझ्याकडे त्यांनी त्या दिवसांत एकदाही खुणेने बघितलं नाही. इतकं बेमालूम, की मलाच कधी कधी वाटायचं, यांना परत खरं वाटायला लागलंय की काय.

ते एका दुपारी गेले. काकू त्यांना पेपर वाचून दाखवत होत्या. मला नंतर म्हणाल्या, "हसत गेले गं. सगळं मिळालेला माणूस जसा जातो तसे."

पाकीट उघडायला तेव्हा चार आठवडे राहिले होते. मी ठरवलं होतं, पाकीट उघडलं की संध्याकाळी त्यांच्याकडे जायचं, हातात हात घेऊन सांगायचं. वाक्यं जुळवून ठेवली होती. माझ्यासारखीने वाक्यं जुळवावीत म्हणजे बघा. पण संचालकांनी पुन्हा घोळ घातला. त्यांनी काकूंना कार्यक्रमाचं बोलावणं दिलं, पहिल्या रांगेत खुर्ची राखली, सरांचा फोटो लावला. मला कळल्यावर मी काकूंना फोन केला.

"काकू, तुम्ही कशाला दगदग करता? आकड्यांचं गुऱ्हाळ असतं, कंटाळाल. मी संध्याकाळी येऊन सगळं सांगते."

"वा गं वा! माझ्या सवतीचा सत्कार, आणि मीच नको?" त्या हसल्या. "आणि ते नाहीत, तर मी नको का तिथे?"

मी फोन ठेवला. नियमाला एक दिवस उरला होता. एक दिवस. मी रात्रभर स्वतःशी भांडले की एका दिवसाने काय होतं, जाऊन सांग. नाही गेले. सरांनी सांगितलं होतं, आधी नाही. आज मला कोणी विचारलं की तेव्हा चुकलीस का, तर मला सांगता येत नाही.

सभागृहात पन्नासेक माणसं होती. काकू पहिल्या रांगेत, मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात. पोरांनी आलेख दाखवला, लेखावर सह्या झाल्या. संचालकांनी कपाटातून पाकीट आणलं, ते बंद असल्याचं सगळ्यांना दाखवलं, फाडलं आणि प्रथेप्रमाणे माझ्या हातात दिलं. पेरणाऱ्यानेच वाचायचं असतं. माझंच अक्षर. मी ऊर्जा वाचली, मग म्हटलं, "संख्या चौतीस."

मागे कोणाची तरी खुर्ची करकरली. एका पोराने यंत्रावर चौतीस वजा केले आणि पडद्यावरचा उंचवटा गेला. उतार सरळ खाली आला. संचालक चष्मा काढून डोळे पुसायला लागले.

काकूंनी शेजारच्या माणसाला विचारलं, "म्हणजे काय झालं?" त्याने बिचाऱ्याने नुसतं पडद्याकडे बोट केलं. त्यांनी पडद्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी व्यासपीठावरून खाली उतरले, त्यांचा हात धरला आणि त्यांना बाहेर घेऊन आले. सभागृहाच्या मागे सामान ठेवायची एक लहान खोली आहे, दुमडलेल्या खुर्च्या आणि पाण्याचं पिंप. तिथे एक खुर्ची उघडून त्यांना बसवलं. जुळवलेल्या वाक्यांपैकी एकही आठवलं नाही.

"काकू, ती रेघ खोटी होती. ते किरण मी घातले होते. आमच्यात तसा नियम आहे, सरांनीच केलेला. आकाशातून काही आलं नव्हतं."

त्यांना समजायला वेळ लागला. मी पाणी दिलं, त्यांनी ते नुसतं हातात धरलं.

"म्हणजे सापडलं नाही."

"नाही. पण तिथे नाही हे कळलं, काकू. तेही सोपं नसतं. आता जगात कोणीही..."

"मला ते सांगू नकोस." आवाज शांत होता. त्या खाली बघत होत्या. मग मान वर करून त्यांनी विचारलं, "त्यांना माहीत होतं?"

हा प्रश्न मी जुळवला नव्हता. सरांनीही नव्हता. आम्ही दोघं एवढे हुशार, पाकिटाला पाकीट लावून विचार करणारे, आणि एक बाई हेच विचारणार हे आमच्या डोक्यात आलं नाही. मी त्यांच्या डोळ्यांत बघितलं आणि त्यांना काय विचारायचंय ते मला स्वच्छ कळलं. हो म्हटलं, तर ते अकरा दिवस गेले. तो हसणारा, माफी मागणारा, संत्र्याचा रस मागणारा माणूस नाटक करत होता असं होणार. मी कितीही सांगितलं असतं की नाटक नव्हतं, माफी खरी होती, तुमच्यावरची माया खरी होती. पण त्या घरी जाऊन एकेक दिवस काढून बघत बसल्या असत्या, यातलं खरं किती आणि माझ्यासाठी रचलेलं किती. आयुष्यभर. मी त्या कामातली आहे, मला ठाऊक आहे. खोटं मिसळलंय असं कळल्यावर माणूस प्रत्येक किरणाकडे संशयाने बघतो.

आणि खोटं मी कधी बोलत नाही. कोणाच्या बाळाला सुंदर म्हणायलाही मला जमत नाही.

"नाही," मी म्हटलं. "त्यांना माहीत नव्हतं."

"शेवटपर्यंत?"

"शेवटपर्यंत."

काकूंनी डोळे मिटले. खांदे खाली आले, हातातलं पाणी थोडं साडीवर सांडलं. "म्हणजे तो आनंद खरा होता त्यांचा," त्या स्वतःशीच म्हणाल्या. मी मान हलवली. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मी ते पुसत नव्हते.

मग त्यांनी डोळे उघडले आणि माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या नजरेत काय येतंय ते मला ते येण्याआधीच कळलं.

"तुला मात्र माहीत होतं."

"हो."

"रोज येत होतीस. माझ्या हातचा चहा पीत होतीस. ते लहान मुलासारखे सांगत होते, मी वेडी ऐकत होते, आणि तू समोर बसून बघत होतीस."

"हो, काकू."

"कसं गं बघवलं तुला?"

मला सांगायचं होतं की ते मला म्हणाले होते, वाईट वाटलं गं. सांगायचं होतं की त्या खोलीत सगळं माहीत असलेली मी एकटी नव्हते. तोंडापर्यंत आलं आणि मी दात आवळून धरलं.

काकू उठल्या. पाण्याचा ग्लास पिंपावर ठेवला, पदर सारखा केला, पर्स खांद्याला लावली. मी आधाराला हात पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही. दारात थांबून त्यांनी विचारलं, "सुखात गेले ना पण ते?"

"सुखात गेले, काकू."

"मग झालं," त्या म्हणाल्या. "तू आता घरी येत जाऊ नकोस."

मी बरं म्हटलं.